एका कॅमेऱ्याचे दोन साडू

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून आजवर जेवढे साडू झाले असतील, त्यांत एकमेकांची वाट बघणारे साडू फक्त दोनच, आणि ते दोन्ही माझे भावोजी आहेत, हे मी छाती पुढे काढून कुठेही सांगायला तयार आहे. बाकीचे साडू कसे असतात ते आपण सगळे जाणतो. सासुरवाडीला एकाच्या ताटात कोंबडीची तंगडी पडली की दुसऱ्याची नजर आपल्या ताटातल्या मानेकडे जाते. एकाला शर्टपीस मिळाला की दुसरा त्याचं कापड दोन बोटांत धरून चाचपतो. आमच्याकडे हे सुख कधी लाभलंच नाही. आमच्या आईनं पहिल्यांदा दोन्ही जावयांना शेजारी शेजारी जेवायला बसवलं, तेव्हा खिडकीतून ऊन आलं आणि धाकट्यांच्या ताटातल्या रश्श्यावर पडलं. झालं. दोघांनी हात मागे घेतले आणि रश्श्याकडे बघत बसले. ऊन सरकत सरकत भाकरीवर गेलं, तिथून पाटावर गेलं, रस्सा निवून त्यावर तेलाची साय धरली, तरी हे बघतायत. आई पदर तोंडाला लावून आत गेली आणि मला म्हणाली, "काय रं, जावयांना कोंबडी चालत नाय व्हय?" मी म्हटलं, "आई, चालते. पण आधी बगायला लागते."

थोरले भावोजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. राहायला भिसेगावात. कुंभिवलीच्या एका कारखान्यात मशिनांची देखभाल करत त्यांनी नोकरी पुरी केली. माणूस असा ऐसपैस की ते दारात उभे राहिले तर ताईला भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. धाकटे भावोजी माझ्या धाकट्या बहिणीचे. त्यांचं खालापूरला कचेऱ्यांच्या रस्त्यावर पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सचं दुकान. हे इतके सडपातळ की कॅमेऱ्याच्या तिपाईशेजारी उभे राहिले तर गिऱ्हाईक तिपाईला चार पाय मोजतं. थोरले धाकट्यांना 'साडू' म्हणतात, धाकटे थोरल्यांना 'भाऊ', आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलंय 'साडू फोटो'. आता ही पाटी वाचून एकच कोणीतरी साडू नावाचा गृहस्थ असावा अशी समजूत करून घेणारी माणसं भेटतात. मी ती दुरुस्त करत नाही. एका अर्थानं ती बरोबरच आहे.

ह्यांची पहिली भेट धाकटीच्या लग्नात झाली आणि ती सगळ्या जमातीसमोर झाली. लग्न आपल्या बौद्ध पद्धतीचं, भिसेगावच्या मैदानात मांडव, नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण-पंचशील झालेलं, आता हार घालायचे. फोटोवाला नेमका विजेच्या खांबासमोर उभा. अशात नवरदेव, म्हणजे आमचे धाकटे, हार हातात धरून फोटोवाल्याला म्हणाले, "जरा डावीकडं घ्या." आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेत मानाच्या खुर्चीवर बसलेले थोरले जावई गरजले, "अरं, डावीकडं घे!" दोन तोंडांतून एकच वाक्य निघालं. नवरदेवानं मान वळवून बघितलं, थोरल्यांनी मान वर करून बघितलं. माझी बहीण हार उचलून समोर उभी होती, पण नजरानजर झाली ती ह्या दोघांची. धाकटी अजून म्हणते, "मी आपली हार घालून मोकळी झाले, ह्यांचं लक्ष साडूंकडं."

दुकानातला पासपोर्टपुरता जुना डबा सोडून पुढं दोघांनी मिळून एक कॅमेरा घेतला. एकच. दोन का नाही, असं विचारलं तर थोरले म्हणत, "दोन घेतले तर दोन फोटोवाले हुतील." मग तो कॅमेरा लेकीसारखा दोन घरांत नांदायला लागला. एक आठवडा भिसेगावात, एक आठवडा खालापुरात. जाताना ताई त्याला जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून द्यायची आणि धाकटी पोचल्याचा फोन करायची. आणि काम करायची रीत अशी की ऐकून घ्यावी. आधी एकजण कॅमेऱ्याला डोळा लावणार, दुसरा समोर जाऊन उभा राहणार. मग जागा बदलायच्या. दुसऱ्यानं डोळा लावायचा. मग थोरले विचारणार, "हाय?" धाकटे म्हणणार, "हाय." किंवा "नाय." दोघांचा 'हाय' आला तरच बटण दाबायचं. एकाचा जरी 'नाय' आला तर वाद नाही, कारण नाही, तिपाई मिटवायची आणि चहाला जायचं. बटण कोणी दाबलं हे ते सांगत नसत. "आमी काढला," एवढंच. ह्या रीतीनं दिवसभरात एखादा फोटो निघायचा. बऱ्याच दिवशी तोही नाही.

आता ही रीत डोंगराचे फोटो काढायला ठीक आहे, डोंगराला घाई नसते. पण ह्यांनी त्या रीतीनं पोटापाण्याचे फोटो काढले. आमच्या ओळखीतला एक मुलगा लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला खालापूरला गेला. सकाळी गुळगुळीत दाढी करून गेला आणि फोटो निघाला तेव्हा त्याला खुंट आले होते, असं मी सगळीकडे सांगतो. फोटो मात्र असा निघाला की काय सांगू! खिडकीतून येणारा उजेड कपाळावर, डोळे कुठंतरी लांब, ओठ किंचित उघडे, जणू आयुष्याचा अर्थ ह्याला कळलाय आणि तो आता कुणाला सांगावा हे कळत नाहीये. मुलगा प्रत्यक्षात सिमेंटच्या दुकानात बसायचा. मुलीकडच्यांनी फोटो बघितला आणि निरोप पाठवला, "स्थळ चांगलं हाय, पण मुलाला काय दुखणं हाय ते आधीच सांगा." मुलाचा बाप दुकानात येऊन म्हणाला, "अवो, माझा पोरगा एवढा विचार करीत नाय!" थोरले शांतपणे म्हणाले, "करतो. तुमी कदी बगितलं नाय."

मग आली आमच्या चुलतकाकांच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर. घरचंच काम, काकांनी विश्वासानं सोपवलेलं. जयमंगल अष्टगाथा सुरू झाली, फुलं उधळली, हार घातले, टाळ्या वाजल्या, सगळं यथासांग झालं, आणि हे दोघं तिथं नव्हते. मांडवाच्या मागं, जिथं जेवण रांधलं होतं तिथं, एका पालथ्या टोपावर चुलतकाका एकटे बसले होते. पहाटेपासून उभा माणूस. आत मुलीचं लग्न लागतंय, गाथा ऐकू येतेय, आणि काकांना वाटलं क्षणभर टेकावं. डोकं हातात धरलेलं, पायातली एक चप्पल निघालेली, विझत्या चुलाण्यांचा धूर अंगावरून चाललेला. त्यांच्यापासून दहा हातांवर तिपाई, आणि तिपाईमागं माझे भावोजी जागा बदलतायत. "हाय?" "हाय."

अल्बम आला तेव्हा चुलतीनं तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटला, मग शेवटून पहिल्यापर्यंत उलटला, मग उभा धरून झटकला, की मुलगी कुठं पानात अडकली असेल तर पडावी. "माज्या पोरीचा हार घालतानाचा फोटो कुटं हाय?" थोरले म्हणाले, "काकी, हार सगळेच घालतात." त्यानंतर चुलती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, कर्जत स्टेशनपर्यंत ऐकू गेलं एवढंच सांगतो. दोन्ही बहिणी माहेरच्या माणसांना तोंड दाखवेनात. मी तर काही दिवस मागच्या गल्लीनं जायचो. मग एका दुपारी चुलतकाका एकटेच भिसेगावात आले. मी तिथंच होतो. आले, पाणी प्याले, भिंतीकडे बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "जावयबापू, तो माजा फोटो मोठा करून मिळंल का?" थोरले म्हणाले, "मिळंल की." काका म्हणाले, "मला वाटलं हुतं, तवा कुणी बगत नाय." एवढं बोलून उठले. मी त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.

लग्नाच्या ऑर्डरी अर्थात बंद झाल्या. पण त्याच दिवसानं ह्यांना वाट दाखवली. दोघांच्या लक्षात आलं की आपल्याला लग्न बघायचंच नाही. लग्न होऊन गेल्यावर जे उरतं ते बघायचंय. मग त्यांनी नवाच रिवाज पाडला. लग्नाचं आमंत्रण आलं की नम्रपणे नाही म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं. मांडव सोडणारी माणसं शिडीवर चढलेली, झालरी जमिनीवर पडलेल्या, खुर्च्या एकात एक घालून उतरंड रचलेली, कोपऱ्यात काल रात्रीच्या पंगतीतला एखादा पाहुणा अजून झोपलेला. घरच्यांना कळेना ह्यांना चहा द्यावा की झाडू. एका गावात तर ह्यांना मांडववाल्याची माणसं समजून दोन बांबू खांद्यावर दिले. दोघांनी ते निमूट टेंपोपर्यंत नेऊन ठेवले आणि परत येऊन तिपाई लावली. अशी वर्षं गेली, आणि फोटोंचा जो ढीग झाला तो बघून मी सांगतो, आपल्या भागातल्या माणसाचा आनंद आणि त्याचा थकवा एका चौकटीत कुणी धरला असेल तर माझ्या भावोजींनी. गावोगावच्या शाळांनी त्यांना वर्गात फोटो टांगायला बोलावलं. कर्जतला एका हॉलात टांगले तेव्हा मांडववाले, आचारी, जनरेटरवाले अशी माणसं सहकुटुंब आली. आपल्या मोडलेल्या मांडवासमोर उभं राहून एक मांडववाला बायकोला म्हणाला, "बग गं, मी काय करतो ते."

आणि मग तो फोटो. ज्याच्यामुळं हे सगळं मोडता मोडता राहिलं. दोघं स्कूटरवरून खालापूरहून कुंभिवलीकडं चालले होते. धाकटे चालवत होते, थोरले मागं, कॅमेरा थोरल्यांच्या मांडीवर. पुढं एक टेंपो. टेंपोत नवरानवरीची ती राजेशाही खुर्ची, सोनेरी पाठ, लाल मखमल, बाजूला सिंहाची तोंडं. आणि त्या खुर्चीत हमाल झोपलेला. एक पाय सिंहाच्या डोक्यावर, तोंड उघडं, हात असा पसरलेला की जणू राज्य वाटून टाकतोय. मागून ऊन, बाजूनं ट्रक चाललेले. टेंपोनं वळण घेतलं आणि कॅमेऱ्याचा आवाज झाला. धाकट्यांनी आरशातून बघितलं. "भाऊ, दाबलात?" थोरल्यांनी कॅमेरा पुन्हा मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "हात लागला."

तो फोटो धाकट्यांनी बघितला नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आला तेव्हा ते झेरॉक्सच्या मशिनकडं तोंड करून उभे राहिले. "तुमी बगितलं, मी डोळा लावला नाय. तो तुमचा." थोरल्यांनी तो कागदावर काढून खोक्यात तळाला घातला आणि दोघांनी विषय बंद केला. तो तसाच बंद राहिला असता, पण कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर लग्न झालं आणि रिवाजाप्रमाणं हे दुसऱ्या दिवशी फाटकावर हजर झाले. "सामान न्यायला आलात?" राखणदारानं विचारलं. "नाय, बगायला." सुकलेल्या फुलांच्या ढिगाकडं दोन मोठी माणसं सकाळभर बघत उभी राहिलेली वरच्या गच्चीतून एका बाईंनी पाहिली. बाई लग्नघरच्या नात्यातल्या, आणि त्यांची मुंबईत फोटोंची गॅलरी. त्या खाली आल्या, तिथून थेट खालापूरच्या दुकानात आल्या, सगळी खोकी उपसली आणि तळातून तो फोटो काढला. मी चहा घेऊन आत येत होतो. बाई तो उजेडात धरून तिथंच जमिनीवर बसल्या होत्या, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये.

"मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन करू," बाई म्हणाल्या. "मधल्या भिंतीवर हा, बाकीचे ह्याच्या आजूबाजूला. ह्याच्याच जोरावर मला मोठा हॉल मागता येईल. खाली नाव कुणाचं लिहू?"

थोरले म्हणाले, "आमचं."

धाकटे म्हणाले, "ह्यांचं."

थोरल्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. "ह्यांचं म्हंजे? साडू, गाडी कोण चालवत हुतं?"

"गाडी चालवणाऱ्याचा फोटो असतो व्हय? मग टेंपोवाल्याचंबी नाव टाका."

"तुमी तोल सांबाळला म्हनून माजा हात स्थिर ऱ्हायला!"

"हात तुमचा, डोळा तुमचा. मी रस्ता बगत हुतो. उद्या बक्षीस मिळालं तर मी काय सांगू, खड्डा चुकवला म्हनून मिळालं?"

"म्हंजे तुमी येगळे, मी येगळा?"

"भाऊ, ह्या फोटोत तरी येगळे हाव की."

बाई माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "नाव मिळावं म्हणून भांडणारे पुष्कळ पाहिले. नाव एकमेकांच्या अंगावर ढकलणारे पहिल्यांदाच बघतेय." मला अभिमान वाटला, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती. थोरले उठले, दारातून बाहेर पडले, आणि दुकानात एकदम उजेड झाला. असला नकोसा उजेड मी त्या दुकानात कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. आता कॅमेऱ्याचा प्रश्न आला. आठवडा भिसेगावचा संपला तेव्हा थोरल्यांनी तो लुगड्यात गुंडाळून माझ्या हाती दिला, "खालापूरला पोचता कर." धाकटे म्हणाले, "ज्यानं दाबला त्याच्याकडं ऱ्हाऊ दे." मी परत भिसेगावात. "साडूंचा आटवडा हाय," थोरले म्हणाले. शेवटी तो माझ्या घरी कपाटावर येऊन बसला. बायको म्हणाली, "पाव्हणा मुक्कामालाच हाय का? ताट वाढू का ह्याला?" तिकडं ताईचे फोन. "अरं, घरात बसून नुसतं बगतात रं. काल धुणं वाळत घातलं तर म्हणतात, गं, काढू नको, ऊन येऊ दे. ऊन आलं. मग उसासा टाकून आत जाऊन निजले. आता मी काय करू, कपडे तसंच ठेवू?" धाकटी म्हणायची, "दादा, हे त्या जुन्या डब्यावर गिऱ्हाइकांचे फोटो चटाचटा काढून देतात. लोक खूश हायत. मला भीती वाटते."

मी मध्यस्थी सुरू केली. मध्यस्थीत खरं बोलून कुणाचं भलं झालेलं नाही, म्हणून मी दोन्हीकडं थापा मारल्या. थोरल्यांना सांगितलं की धाकटे दुकानात बसून रडतात. थोरले म्हणाले, "खिडकीकडं तोंड करून की भिंतीकडं?" मी उठून खालापूरची गाडी धरली. धाकट्यांना सांगितलं की थोरल्यांनी अन्न सोडलंय. ते म्हणाले, "मेव्हणं, थाप मारा, पण झेपंल अशी मारा." असे बरेच दिवस गेले. हे जर असंच राहिलं तर प्रदर्शन जाईल, ते गेलं तरी एक वेळ चालेल, पण कपाटावरचा कॅमेरा कायमचा तिथंच राहील, ह्या धास्तीनं मी खंगलो. (बायको म्हणते वजन वाढलं होतं. तिचा काटा चुकीचा आहे.) बाईंचा निरोप आला: फोटो मोठे होऊन फ्रेमी लागल्यात, निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात, त्यांच्यावर खुर्चीत झोपलेला तो हमाल, बाईंच्या भाषेत 'राजा', आहे, टांगायच्या दिवशी दोघांनी यावं, उरलेले फोटो घेऊन. नाव अजून कोरं ठेवलंय.

दोघं आले. मांडववाल्याच्या टेंपोतून. थोरले पुढं, मी गिअरजवळ, आणि धाकटे फ्रेमींसोबत मागं बसतो म्हणाले. एक्सप्रेस-वेभर चालकानं गिअर बदलला की दांडा माझ्या गुडघ्याला लागायचा आणि थोरले खिडकीतून बाहेर बघत म्हणायचे, "मागं ऊन लागत आसंल." मी म्हटलं, "विचारू का?" तर म्हणाले, "कशाला?" आणि थोड्या वेळानं पुन्हा, "वाराबी लागत आसंल."

गॅलरीचा तो मोठा हॉल म्हणजे आमच्या अख्ख्या मांडवाएवढा, आणि भिंती अशा पांढऱ्या की टेकायची भीती वाटावी. मधल्या भिंतीशी तो फोटो टेकवून ठेवलेला, थोरल्यांच्या उंचीचा. गॅलरीची माणसं बोलायची थांबून त्याच्याकडं बघत होती. धाकटे मात्र पाठ करून दोऱ्या सोडत होते. तेव्हा थोरले कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "साडू, एकदा बगा. माज्यासाठी नको. कामासाठी बगा."

धाकट्यांनी दोरी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि वळले. समोर उभे राहिले. मग डावीकडून बघितलं. मग खाली बसून बघितलं. मग लांब दारापर्यंत जाऊन बघितलं. बाईंचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. मी आयुष्यात प्रथमच मनातल्या मनात हात जोडले, की बाबा, हो म्हण. एवढा फोटो! त्याला नाही म्हणणारा माणूस जन्माला यायचाय. थोरल्यांनी विचारलं. मोठ्यानं नाही, जसं नेहमी विचारायचे तसंच.

धाकटे म्हणाले, "नाय."

बाई पुढं आल्या, "अहो, पण का?"

"झकास हाय," धाकटे म्हणाले. "ह्यापेक्षा झकास आमच्याकडं दुसरा नाय. पण हा आमाला रस्त्यात मिळालाय बाई, आमी काढलेला नाय. आमी उबं ऱ्हाऊन बगतो. हितं आमी पळत हुतो."

मी थोरल्यांकडं बघायला धजत नव्हतो. बघितलं तर तो एवढा मोठा माणूस हळूहळू खुर्चीत बसला, आणि त्याच्या खांद्यांवरनं कुणीतरी तांदळाची पोती उतरवावीत तसं झालं. "मला त्याच दिवशी तसं वाटलं हुतं साडू," ते म्हणाले. "पन दाबला मी हुता. मी कुनाला सांगू? तुमी बगायलाच तयार नाय." धाकटे म्हणाले, "मला वाटलं, तुमाला आवडलाय." आणि दोघं हसायला लागले. त्या पांढऱ्या हॉलात त्यांचं हसणं असं घुमलं की गॅलरीची माणसं दचकून फ्रेमी सांभाळायला धावली.

बाई भल्या होत्या, पण पत्रिका छापल्या होत्या. राजा नाही म्हटल्यावर मोठा हॉल दुसऱ्या कुणाला गेला आणि ह्यांना जिन्याजवळची खोली मिळाली. निमंत्रणपत्रिका हातात घेऊन येणारी माणसं राजाला शोधत फिरायची आणि मी दारात उभा राहून त्यांना सांगायचो, "तो फोटो माझ्या भावोजींनी नापास केला." काहींना मी सांगितलं की असे आणखी शंभर नापास केलेत. सांगताना माझी मान अशी ताठ व्हायची की घरी गेल्यावर बायकोला तेल चोळायला लागलं. जिन्याजवळची खोली लहान, पण तिच्यात शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नव्हता. आणि प्रत्येक फोटोखाली एकच शब्द होता, साडू.

पण मला सारखा आठवतो तो टांगायच्या दिवशीचा परतीचा रस्ता. नापास राजाला आम्ही टेंपोत घालून परत आणत होतो; मांडववाल्याकडून पत्ता काढून कुंभिवलीला त्या हमालाच्या घरी द्यायचं ठरलं होतं. एवढी मोठी फ्रेम आडवी मावेना, उभी ठेवली तर वाऱ्यानं पडेल, म्हणून दोघांनीही मागंच बसायचं ठरवलं, दोन बाजूंनी धरून. थोरल्यांना वर चढवायला आम्ही चौघं लागलो. मी पुढं एकटा, ऐसपैस, खिडकी माझी, गुडघ्याला गिअर लागायची भीती नाही, आणि तरी बसवत नव्हतं. घाट समोर दिसायला लागला, ऊन कलतं झालं. मी मागच्या काचेतून वळून बघितलं. फ्रेमीच्या अलीकडं थोरले, पलीकडं धाकटे, दोघांची तोंडं हलत होती. हातवारे चालले होते. मधेच धाकट्यांनी काहीतरी विचारलं, थोरल्यांनी डोळे बारीक करून लांब कुठंतरी बघितलं, मान हलवली. पुन्हा बोलणं. कित्येक दिवसांचं साचलेलं असणार. ह्या भांडणातला एकूण एक निरोप ज्यानं ह्यांच्या दोन्ही घरी पोचवला, त्या मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती काच सरकणारी होती. मी खटक्यावर बोट ठेवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग हात मांडीवर घेतला आणि समोर बघत बसलो.